चिकटपट्टीची जागा

सत्तरच्या दशकात इंग्रजी गाणी म्हणणारा तो बँड रविवारी पहिल्यांदा समोर पाहिला. गिटारवाला आता स्टुलावर बसून वाजवतो. गाणाऱ्याचे केस गेलेत; आवाज मात्र तोच आहे, जरासा गंजलेला.

आमच्या घरात हा बँड एका कॅसेटमध्ये राहायचा. ती सुधीरची, माझ्या नवऱ्याची. लग्नानंतर लगेचच एकदा तिचं रीळ टेपमध्ये गुंतलं. त्याने चुरगळलेला तुकडा कापला, दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडली आणि पेन्सिल घालून रीळ गुंडाळलं. त्या दिवसापासून आमच्या आवडत्या गाण्यातली एक ओळ गेली. पोळ्या लाटताना, घाटातून जाताना, अगदी त्याच्या शेवटच्या दुखण्यातही आम्ही ते गाणं तसंच म्हणायचो, ती ओळ गाळून. खूप वर्षं एकत्र राहिलं की काही चुका घरच्याच होऊन जातात. त्या दुरुस्त कराव्यात असं कुणाला वाटत नाही.

रविवारी तेच गाणं लागलं. सगळं सभागृह गात होतं, मीही गात होते. त्या जागेवर आले आणि सवयीने पुढे निघून गेले, मोठ्याने.

शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "अहो, एक ओळ राहिली तुमची!"

ती ओळ सगळे म्हणत होते. चांगली होती. एवढ्या गर्दीत माझ्याबरोबर चुकणारं कुणीच नव्हतं.