साक्षीची सही

संध्याकाळी पाच वाजले की खरात काखेत वही मारून आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहायचे. आत यायचे नाहीत. दारातूनच हाक मारायचे, "चल रं शिंदे, डोळं घेऊन ये." मी टाईपरायटरवर कव्हर टाकून त्यांच्या मागोमाग प्रयोगशाळेत जायचो. प्रयोगशाळा म्हणजे बॉयलरच्या मागची पत्र्याची खोली. तिथे ते मला थर्मामीटर वाचायला लावायचे, आकडा मोठ्याने म्हणायला लावायचे, काचेच्या चंबूत काय दिसतंय ते विचारायचे आणि मग वहीचं पान पुढे करायचे. "बघितलंस न्हवं? मग कर सही. आन् तारीख घाल."

सांगलीत मिरज रस्त्याला औषधांचा एक लहान कारखाना होता. मी तिथे टायपिस्ट, आष्ट्याहून रोज एस.टी.ने येणारा. खरात तिथले केमिस्ट. वडूजकडचे. ते शाळेत असताना घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्या घरात कॉलेजची पायरी चढलेले ते पहिलेच. मालक त्यांना "ए केमिस्ट" म्हणून बोलवायचा. बारा वर्षांच्या नोकरीत त्यांचं नाव मालकाच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. वॉचमनलासुद्धा तो नावाने हाक मारायचा.

जंतांवरचं एक औषध तेव्हा मुंबईची मोठी कंपनी करायची. पोरांची पोटं नगाऱ्यासारखी झालेली असायची आणि औषध लोकांना परवडायचं नाही. पेटंटचा नवा कायदा येऊन थोडेच दिवस झाले होते. औषधावर कुणाची मालकी नाही, ते बनवण्याच्या रीतीवर मात्र हक्क मिळतो, असं त्यात होतं. माझ्या डोक्यात ते शिरेना, तेव्हा डबा खाता खाता खरात म्हणाले, "आरं, भाकरी कुणाच्या बापाची न्हाई. पर म्या ती येगळ्या रीतीनं भाजली, तर ती रीत माझी. कळलं?" मुंबईवाले परदेशी द्रावणात, भट्टीसारख्या उष्णतेवर जे करायचे, ते खरात साध्या पाण्यात, मंद आचेवर करू बघत होते. वर्षभर जमलं नाही. काळपट चिकटा तळाला बसायचा. तो खरवडून काढताना ते शिव्या घालायचे, चंबूला आणि स्वतःला.

ही साक्षीची पद्धत त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचली होती. शोध कुणाचा, यावर उद्या भांडण झालं तर रोजच्या रोज साक्षीदाराची सही असलेली वहीच बोलेल, असं ते म्हणायचे. एकदा मात्र हळूच, लाजत म्हणाले, "शिंदे, कोऱ्या कागदावर माझं नाव टाईप करून दाव की. पुरं नाव." मी इंग्रजीत टाईप केलं, तुकाराम लक्ष्मण खरात. तो कागद त्यांनी लांब धरून बघितला, घडी घातली आणि वहीत ठेवला. पेटंटच्या अर्जात संशोधकाच्या जागी ते नाव येणार होतं. त्यांना एवढंच हवं होतं.

आता माझं सांगतो. मला त्या पाचच्या फेरीचा कंटाळा आला. एस.टी. चुकायची. एके दिवशी मी म्हटलं, "आवं साहेब, शनवारच्या शनवारी वही ठेवा हितं. सगळ्या सह्या एकदम करतो." ते कबूल होईनात. "न बघता सही करणार व्हय?" तेव्हा मी वापरू नये तो शब्द वापरला. "माज्यावर इस्वास न्हाई का?" आमच्याकडे या प्रश्नापुढे माणूस माघार घेतो. खरातांनीही घेतली. शनिवारी वही ठेवून गेले. मी बसून आठवड्याच्या सह्या केल्या आणि खऱ्या वाटाव्यात म्हणून प्रत्येक तारखेला वेगळी शाई वापरली. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो मी! असं दीड-दोन महिने चाललं. आणि त्याच दिवसांत, एका मंगळवारी, चंबूच्या तळाशी पांढरे स्वच्छ स्फटिक बसले.

पुढे मालकाने अर्जाचा मसुदा माझ्याच टेबलावर आणून टाकला. संशोधकाच्या जागी त्याच्या पुतण्याचं नाव होतं. हा पुतण्या पत्र्याच्या खोलीत सगळा मिळून दोनदा आला होता, तोही नाकाला रुमाल लावून. मी ते नाव टाईप केलं. हो, केलं. एक अक्षरही चुकलं नाही, याचा मला आजही संताप येतो. मग बाहेर जाऊन खरातांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "वही हाय की माझ्यापाशी. आन् तू हायस."

त्यांनी पेटंट कचेरीत हरकत घेतली. सुनावणीला आम्ही दोघे मुंबईला गेलो. नोकरी जाणार हे ठाऊक असूनही मी साक्षीला उभा राहिलो, आणि सांगायला लाज वाटते, मला त्याचा अभिमानही वाटत होता. मालकाच्या वकिलाने वही उघडून स्फटिकांचं पान काढलं. "ही सही तुमची? त्या दिवशी तुम्ही स्वतः पाहिलंत?" मी हो म्हणालो. त्याने दुसरा कागद पुढे केला. तो माझा रजेचा अर्ज होता, मीच टाईप केलेला. त्या मंगळवारी मी आष्ट्यात बहिणीच्या लग्नात पंगती वाढत होतो. मग त्याने शाया दाखवल्या. आधी वर्षभर एकच निळी, मग एकाएकी रोज वेगळी: निळी, काळी, परत निळी. एका खोट्या सहीने दीड वर्षाची खरी पानं खोटी ठरली आणि मालक जिंकला.

बाहेर पायऱ्यांवर खरातांनी माझी कॉलर धरली. "शाया बदलल्यास? आरं, शाया बदलल्यास तू?" एवढंच पुन्हा पुन्हा. मग कॉलर सोडली आणि म्हणाले, "त्यो चोर हाय, त्याचं नवल न्हाई. पर तू न बघता लिवलंस, आन् म्या लिवू दिलं." परतीच्या गाडीत ते दुसऱ्या डब्यात बसले.

दोघांची नोकरी गेली. औषध बाजारात आलं, खूप चाललं. पुतण्याचा शहरात सत्कार झाला, हार घातलेला फोटो वर्तमानपत्रात आला. तो पेपर मी चुलीत घातला. औषध लोकांच्या पोरांना लागू पडतं, हेही धड बरं वाटू नये, असं मालकाने करून ठेवलं. आणि अर्धं मी.

चार वर्षांनी कळलं, खरात कोरेगावला हायस्कुलात विज्ञान शिकवतात. मी गेलो. माफी मागायची म्हणून रस्ताभर वाक्यं जुळवली होती. शाळा सुटली होती, ते एकटेच प्रयोगशाळेत पाणी तापवत होते. कानावरचे केस पिकले होते. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं आणि चंबूकडे बोट केलं.

"थर्मामीटर वाच."

मी वाकून वाचला. बासष्ट.

"मोठ्यानं."

"बासष्ट."

त्यांनी टेबलावरची वही माझ्यापुढे सरकवली, आणि पेनही स्वतःचंच दिलं. मी सही केली, तारीख घातली. वही परत देऊ लागलो, तर त्यांनी घेतली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "टाईम बी घाल."