रापणीच्या दोन बाजू

कणकवलीला गाडी पकडायची होती आणि माझी मुलगी सुमन कुणकेश्वरच्या पुळणीवर गुडघाभर पाण्यात मायक्रोफोन धरून उभी. मी वर गाठोडं घेऊन ताटकळत. "गाडी चुकतली गो," म्हटलं, तर ओरडली, "आये, गप रव. तुझोच आवाज येता." नवरा गेला म्हणून ती मला बंगळुराला नेत होती. रडायला सवड मिळाली नाही, बरंच झालं.

समुद्रात सोडलेल्या रापणीच्या जाळ्याची दोन टोकं दोन टोळ्या किनाऱ्यावरून ओढतात. दर्याकडे तोंड केलं की उजवीकडे, देवगडच्या बाजूला, माझा दीर बाबल; डावीकडे, मालवणच्या बाजूला, त्याचा मेहुणा दत्तू.

बंगळुरात दारासमोर भिंत आणि बाजारात बर्फातला मासा. सुमनचं काम रेकॉर्ड केलेला आवाज आटवून लहान करण्याचं, मोबाइलवर सहज जाईल इतका. दोन कानांचे दोन आवाज पाठवायचे नाहीत. एकच पाठवायचा आणि सोबत चिमूटभर खुणा, कुठला आवाज कुठल्या बाजूचा. मी म्हटलं, "सुको बांगडो भिजवलो म्हणान ताजो होतलो काय?" उद्या ते साहेबांना दाखवायचं होतं. फसलं तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं.

आधी तिने माझ्या कानांत वायरी घालून पुळणीवर टिपलेली रापण खुणा न लावता ऐकवली.

"ओढा रे, जेवक नाय काय?"

"तुझी बाजू खंय हलता, ता बघ आधी."

बाबल आणि दत्तू एकाच जागी उभे राहून भांडत होते. असं ओढलं तर जाळं मिटेल आणि मासा दर्यात.

मग खुणांसकट ऐकवली. मी खुर्चीतून उठलेच. बाबल एका कानात, दत्तू दुसऱ्या कानात, मध्ये अख्खी पुळण. लाटा जरा पत्र्यासारख्या वाजत होत्या, पण रापण उघडली होती.

"पण बाजू उलटी केलंस," मी म्हटलं. "देवगडचो बाबल डाव्या कानात कसो?"

तिचा चेहरा उतरला. संध्याकाळपर्यंत ती खुणा तपासत बसली. चूक सापडेना. शेवटी कपाळाला हात लावून हसायला लागली.

"आये, माझी पाठ दर्याक होती. मी तुझ्याकडे बघीत होतंय."

दुसऱ्या दिवशी काम तिच्याकडेच राहिलं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांनो, सुमनच्या रापणीत समोर मी आहे, गाठोडं घेऊन कुरकुरणारी. माझ्या रापणीत समोर दर्या लागतो. म्हणून मी कानातल्या वायरी अदलाबदल करून घालते. बाबल उजवीकडे आला की मी घरी.