फ्रान्सच्या माजी मंत्र्याला काकांची शाल

फ्रान्सचं सरकार पॅरिसमधून चालतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी नागपूरच्या आमच्या काकांची अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधली बैठकीची खोली पाहिलेली नाही. काका मोटारींच्या ब्रेकचे इंजिनिअर. पण जीव अडकला होता एका फ्रेंच पुढाऱ्यात. तो नगराध्यक्षाचा खासदार झाला, खासदाराचा मंत्री झाला, टीव्हीवर झळकू लागला, आणि इकडे मिशिगनमध्ये काकांची कॉलर ताठ होत गेली. "आपले साहेब उभे राहिले की भल्याभल्यांची बोलती बंद!" असं ते सांगत आणि मी तोंड उघडं टाकून ऐके. मी विद्यार्थिनी, शनिवारी जेवायला त्यांच्याकडे. वाद कशाला घालू? पण खोटं कशाला बोला, फ्रान्सचं मंत्रिमंडळ मला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळापेक्षा जास्त पाठ झालं होतं.

तेव्हा इंटरनेट नव्हतं; विद्यापीठाच्या लायब्ररीत फ्रेंच पेपर आठवडाभर शिळा यायचा. निवडणुकीच्या पहिल्या फेरीत साहेब पुढे आहेत असं वाचून काकांनी एकदा बर्फातून घरोघरी पेढे वाटले. पुढचा पेपर आला तेव्हा कळलं, आम्ही पेढे खात होतो तोवर साहेब दुसऱ्या फेरीत पडलेसुद्धा होते! काकू मला दारातच म्हणाल्या, "हळू बोल बाई, घरात सुतक आहे."

आणि हे सगळं कशापायी? तरुणपणी काका ट्रेनिंगसाठी फ्रान्समधल्या एका लहान गावी राहिले होते. कसल्याशा सहीसाठी तिथल्या नगराध्यक्षांकडे, म्हणजे याच साहेबांकडे, गेले आणि सवयीनं दाराशीच उभे राहिले. नगराध्यक्ष उठले, त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची ओढून दिली. बस, एवढंच.

पडल्यानंतर वर्षभरानं हेच साहेब चक्क आमच्या विद्यापीठात व्याख्यानाला आले. काकांनी ठेवणीतली शाल काढली. त्यांची मुलगी किंचाळली, "बाबा, प्लीज! ही डझन्ट इव्हन नो यू!"

"ओळखतात की नाही, बघशील तू," काका म्हणाले खरे, पण टाय तीनदा सोडून पुन्हा बांधला.

हॉलमध्ये माणसं मोजकीच, त्यातली निम्मी फुकटच्या कॉफीसाठी आलेली. पण काय बोलला हो तो माणूस! हरलेला, थकलेला, कोट अंगावर सैल झालेला. तरी त्या मोडक्या इंग्रजीनं आम्हाला जागेवर खिळवून ठेवलं. काकांची काहीच चूक नव्हती, हे मला तेव्हा पटलं. टाळ्या थांबायच्या आत काका पुढे गेले, साहेबांच्या खांद्यावर शाल घातली आणि फ्रेंचमध्ये खुर्चीची गोष्ट सांगू लागले. प्रोफेसर मंडळी बघतच राहिली. साहेबांनी डोळे मिटून मनापासून आठवून पाहिलं. मग काकांचा हात धरून इंग्रजीत म्हणाले, "माफ करा, मला आठवत नाही."

परतताना गाडीत मी भीतभीत विचारलं, "काका, वाईट वाटलं?"

"वाईट? काय बोलून राहिली, पोरी! मला एकट्याला दिली असती तर आठवली असती. त्यांनी येईल त्याला खुर्ची दिली. रोजची गोष्ट कोणाच्या लक्षात राहते?" काका खुशीत होते. कोपऱ्यावर सिग्नल लागला, तशी त्यांनी गाडी थांबवली. मग समोर बघतच म्हणाले, "माझा बाप पाटलाच्या ओट्याखाली उभा राहून राहून म्हातारा झाला."

सिग्नल हिरवा झाला होता. मी काही त्यांना सांगितलं नाही.