श्रावणात डोहाकडे नाव जात नाही

माझे यजमान उन्हाळ्यात गेले. दहाव्याला अस्थिविसर्जन झालं, पण थोड्या अस्थी मी राखून ठेवल्या. त्यांना आपल्या आजोळच्या डोहात जायचं होतं; आता तिथे नात्याचं कोणी उरलेलं नाही. ते गाव वर्धा नदीच्या काठी, कौंडण्यपूरच्या थोडं पुढे. श्रावणात जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा अस्थींचा लोटा घेऊन निघाले.

हिवरखेडहून पहाटेची एसटी. अकोट, दर्यापूर करत अमरावती, तिथून कुऱ्ह्याची गाडी, शेवटी ऑटो. अमरावतीतच जेवून घ्यावं, पुढे चहाशिवाय फारसं काही मिळत नाही. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना कपाशी आणि तूर.

गावात बरीच घरं मासेमारांची. नुसत्या मासोळीवर भागेना, म्हणून त्यांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. घरोघरी एक खोली. पाहुणे पाळीपाळीने वाटून घेतात, म्हणजे कमाई एकाच घरात जात नाही. जेवणासह पाचशे रुपये. त्या दिवशी पाळी शांताबाईंच्या घराची होती. भाकरी, भरली वांगी, ठेचा, सगळं पळसाच्या पत्रावळीवर. प्लास्टिकच्या ताटल्या गावानेच बंद केल्यात.

सकाळी घाटावर गेले. शांताबाईंचे दीर रामदास नाव चालवतात. नागपूरचं एक कुटुंब त्यांना म्हणत होतं, "डोहात न्या, दुप्पट घ्या."

"दुप्पट तुमी देसान. मासोळी दुप्पट कोण देईन?"

पावसाळ्यात मासे तिथे विणीला येतात. दिवाळीपर्यंत डोहात नाव जात नाही, आणि इंजिन तर नदीत कधीच नाही.

शांताबाई जाळं उकलत होत्या. "इंजिन आणा म्हणून यानंच डोकं खाल्लं होतं."

"आता वल्हं मारून राहिलो न, वयनी? पोटही उतरलं."

"कुठी? मले तं दिसून नाई राहिलं."

मी लोटा दाखवला, यजमानांचं नाव सांगितलं.

"बंडूभाऊ? त्या डोहात संगंच पोवलो आमी." रामदासांनी दोर सोडला. "बसा वयनी. तुमाले नेतो. कोणी काई नाई म्हणत."

शांताबाईंचे हात जाळ्यावर थांबले. नागपूरची मंडळी अजून पायऱ्यांवर बसून आमच्याकडे पाहत होती. नावेत टाकलेला पाय मी मागे घेतला.

"दिवाळीनंतर येते, भाऊजी."

"मी नेलं असतं."

"माहीत आहे."

"दिवाळीनंतरची पयली नाव याईची," शांताबाई दिराला म्हणाल्या, आणि पुन्हा जाळ्याकडे वळल्या.

हिवरखेडला परतून लोटा पुन्हा अंगणातल्या कडुनिंबाला बांधला; अस्थी घरात ठेवत नाहीत. मुलीचा फोन आला. "मग गेलीस कशाला?" ज्या डोहासाठी लोक दुप्पट पैसे घेऊन येतात, तोच डोह ते गाव पावसाळाभर बंद ठेवतं आणि तरी घरं चालवतं. रामदासांनी माझ्यासाठी नियम मोडला असता, तर पायऱ्यांवरच्या माणसांना ते काय सांगणार होते?

यजमान उभ्या आयुष्यात कधी रांगेत थांबले नाहीत. या वेळी मी त्यांच्यासोबत थांबले आहे.