अक्काचे जपानी

आमच्या खानदेशात बाईची ऐपत तिच्या मांडणीवर दिसते. लख्ख घासलेले तांबे, डबे, पराती दारातून येणाऱ्याच्या आधी नजरेत भराव्या अशा लावायच्या. अक्काच्या मांडणीवर एक तांब्यासुद्धा नव्हता. तिथे जपानी रोबोट उभे होते. कुणी मोटारीचा माणूस व्हायचा, कुणी विमानाचा, एक तर मुठीएवढ्या टेपरेकॉर्डरचा. भांडी तिने खोक्यात घालून खाटेखाली ढकलली होती. म्हणायची, "भांडी काय, सगळ्यांकडे असतात."

जळगावच्या पिंप्राळ्यात तिची आणि माझी भिंत एकच होती. अक्का ब्लाऊज शिवायची. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती धुळ्याकडचं सासर सोडून जळगावला आली. लोक म्हणत, "नवऱ्याने टाकली." ती म्हणे, "टाकायला मी काय केर आहे? मी उठले आणि आले." ती रडताना मी कधी पाहिली नाही. मला रडणाऱ्या बायकांचा कंटाळा आहे, म्हणून आमचं जमलं.

पहिला रोबोट तिला शिलाईच्या बदल्यात मिळाला. गल्लीतल्या एका बाईचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने भाच्यासाठी जपानहून तो आणला आणि भाच्याने त्याच दिवशी त्याचा हात उपटला. बाई तो भंगारात द्यायला निघाली होती, वाटेत ब्लाऊज घ्यायला थांबली. अक्काने शिलाई मशीनच्या पेचकसाने हात बसवला, सांध्यात मशीनचं तेल सोडलं आणि माणसाची मोटार, मोटारीचा माणूस करत बसली. मग म्हणाली, "शिलाई नको. हा राहू दे." अक्काचा विचार बदलायच्या आत बाई ब्लाऊज उचलून पळाली. ही बातमी फिरली. ज्यांची माणसं बोटीवर किंवा आखातात होती, त्या बायका मोडके रोबोट पिशवीत घालून येऊ लागल्या. अक्का त्यांना "माझे जपानी" म्हणायची.

पहिल्या दिवाळीला तिने घोळ केला. पितळ उजळतात तसं त्या पहिल्या रोबोटला चिंच आणि राख लावून घासलं. चांदीसारखी छाती होती, तिची सगळी चकाकी निघून गेली आणि खालचा करडा रंग उघडा पडला. मी म्हटलं, "मागे ठेव त्याला." तर तिने त्याला सगळ्यांच्या पुढे उभं केलं. "चूक माझी. तो कशाला मागे उभा राहील?"

येणारी प्रत्येक बाई एकदा तरी चेहरा पाडून म्हणायचीच, "मूलबाळ नाही ना, म्हणून जीव रमवते बिचारी." अक्का तोंडातली सुई न काढता बोलायची, "मूल असतं तरी घेतले असते. आणि मुलाला हात लावू दिला नसता." ब्लाऊज मात्र अक्काकडेच शिवायचे, कारण तिच्यासारखी बाही कुणाला बसवता येत नव्हती.

धुळ्याला आग्रा रोडवर एक जण फॉरेनचा माल विकायचा. मी तिच्याबरोबर एसटीने जायची. रोबोट हातात घेतला की अक्का आधी त्याचा तळपाय बघायची. जपान हे नाव तिथे इंग्रजीत कोरलेलं असे. इंग्रजी आम्हा दोघींना येत नव्हतं, पण त्या अक्षरांचे आकार तिने डोक्यात बसवले होते. मग त्याची घडी करायची, उलगडायची आणि काउंटरवर उभा करायची. नक्कल असली की तो कलंडायचा.

"भाऊ, याला उभं राहता येत नाही."

"अक्का, लहान पोराला काय कळतं? त्याला चालतो."

"पोराला चालत असेल. मला नाही चालत."

तिच्या धाकट्या भावाला पहिला मुलगा झाला तेव्हाची गोष्ट. तो धरणगावला राहायचा. बारशाचं आमंत्रण द्यायला स्वतः आला आणि म्हणाला, "अक्का, तुझे ते रोबोट आण. पाळण्याभोवती लावू, शोभा येईल." अक्का खूश झाली. आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यात वाकून कानात सांगायचं, तो मान तिचा. तिने नवं लुगडं काढलं, एकेक रोबोट फडक्यात गुंडाळला आणि आम्ही दोघी एसटीने गेलो. तिने पाळण्याभोवती रोबोट मांडले. सगळा गाव बघायला लोटला.

नाव ठेवायची वेळ आली. अक्का पुढे झाली, तशी भावजयीची आई आडवी आली. "टाकलेल्या बाईनं बाळाच्या कानात बोलू नये. अपशकुन असतो." भाऊ खाली बघत राहिला. एका चुलत बहिणीला पुढे करून नाव ठेवून घेतलं. अक्का मागे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली.

मग आहेर सुरू झाला. कुणी काय दिलं ते भाऊ मोठ्याने सांगत होता. सांगता सांगता म्हणाला, "आणि सख्ख्या आत्याकडून बाळाला हे सगळे रोबोट!" बायकांनी वा वा केलं.

अक्का सरळ पाळण्यापाशी गेली. एरवी ती शुद्ध बोलायची, पण रागावली की आपल्या अहिराणीत यायची. "नाव ठेवाले मी चालत नही, आन् आहेर देवाले चालस?"

भाऊ म्हणाला, "अक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे की. मघाशी तू का नाही काही म्हणालास?"

दुसरी कुणी असती तर रोबोट ओरबाडून पिशवीत कोंबले असते. अक्काने एकेक उचलून, हात आत, पाय दुमडून, त्याची नीट मोटार केली, विमान केलं, फडक्यात गुंडाळलं. खट्, खट्, एवढाच आवाज. सगळे भरले जाईपर्यंत पंगत खोळंबली. बाळ झोपलेलंच होतं. जेवण सोडून आम्ही निघालो आणि स्टँडवर भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच रोबोटांचं बारसं घातलं. हरभऱ्याच्या घुगऱ्या शिजवल्या आणि ज्यांना असल्या कामाला कुणी बोलावत नाही अशा गल्लीतल्या बायका बोलावल्या. विधवा होत्या, माझ्यासारख्या तोंडाळही होत्या. एकेक रोबोट मांडीवर घ्यायचा, कानात कुर्र करायचं आणि नाव ठेवायचं. ढिल्या गुडघ्याचा एक होता, भिंतीला टेकवल्याशिवाय उभा न राहणारा. त्याला उचलून ती कानात नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली, "सुपडू!"

अक्काच्या नवऱ्याचं नाव. आमच्या पिढीच्या बायकांनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, उखाण्यात सोडून. एक म्हातारी घाबरून दोन्ही कान झाकून बसली. मग तीच आधी हसली. "ह्याला ठेव बाई भिंतीलाच," म्हणाली.

पुढे भावाला मुलगी झाली. या वेळी भावजय एकटीच पिंप्राळ्याला आली. दारातच म्हणाली, "अक्का, नाव तुम्हीच ठेवायचं. मी आईला तसं सांगून आले आहे."

"येते," अक्का म्हणाली. "माझे जपानी येणार नाहीत."

"नका आणू. तुम्ही या."

अक्का गेली. पाळण्यात वाकून नाव ठेवलं, स्वतः शिवलेलं झबलं दिलं आणि पंगतीत पहिल्या पानावर बसून पोटभर जेवली. भावाने वाढायला हात पुढे केला तेव्हा पुरणपोळीही मागून घेतली.

पोटाच्या दुखण्याने ती गेली, तसं फार वय नव्हतं. शेवटी मला म्हणाली, "वत्सले, तुझी मांडणी रिकामी कर." मी कारण विचारलं नाही. माझ्या लग्नातलं तांब्या-पितळ खोक्यात घालून खाटेखाली ढकललं. आमच्या ह्यांनी थोडी कुरकुर केली, तेवढंच.

आता रोबोट माझ्याकडे आहेत. छाती घासून करडा पडलेला सगळ्यांच्या पुढे, सुपडू भिंतीला टेकून. मी सांध्यात तेल घालते, कोरड्या फडक्याने पुसते. येणारी माणसं म्हणतात, "आजी, तुम्हाला या वयात काय करायची ही खेळणी? नातवंडांना द्या की."

नातवंडांसाठी मी बाजारातून दुसरी आणते. ही माझी आहेत.