भाडेपट्ट्याचे कुरण आणि तळघरातली कवटी

नोकरीतल्या बहुतेक घटना आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला जबाब कोणाचा होता हे कोणी विचारले तर थांबून आठवावे लागते. ही एक घटना मात्र जशीच्या तशी आठवते.

मी ब्राउनश्वाइगच्या भागात क्रिपोत, म्हणजे गुन्हे तपास करणाऱ्या पोलिसांत, नोकरी केली. वडील इथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर म्हणून आले तेव्हा मी शाळेत होतो. घरात जर्मन बोललो तर आई ऐकूच आले नाही असे दाखवायची, म्हणून माझी मराठी टिकली. पोलिसांत ती कधी उपयोगी पडली नव्हती. त्या दिवशी पडली.

सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. कंट्रोल रूममधून निरोप आला की जवळच्या एका गावात, घराच्या तळघरात माणसाचे हाड सापडले आहे. फोन करणारी बाई भारतीय आहे, घाबरली आहे, अर्धे जर्मन आणि अर्धे इंग्रजी बोलते आहे. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

लाल विटांचे जुने घर होते. तासगावकडचा एक तरुण इंजिनियर आणि त्याची बायको यांनी ते नुकतेच विकत घेतले होते. त्याची आई सुनेच्या बाळंतपणासाठी भारतातून आलेली होती. मी मराठीत बोललो तशी फोन करणारी ती सून पायरीवरच खाली बसली.

"काका, मला वाटलं पेटीत जुनी भांडी असतील," ती म्हणाली. "घोंगडी थोडी बाजूला केली तर कपाळ दिसलं. मी तशीच वर पळत आले. पुढं हात लावला नाही."

तळघरात मुरंब्याच्या बाटल्यांची फळी होती. तिच्यामागे लाकडी पेटी, आणि पेटीत जाड घोंगडीत गुंडाळलेली कवटी. आम्ही सगळ्यांना वर पाठवले, तळघर सील केले, फोटो काढून घेतले, सरकारी वकिलांना कळवले. पहिल्या दिवशी खून समजूनच चालायचे असा आमचा शिरस्ता. नंतर काही नव्हते असे ठरले तर बिघडत नाही, पण सुरुवातीला हयगय केली तर पुरावा परत मिळत नाही.

घोंगडी पूर्ण उलगडली तेव्हा एक गोष्ट दिसली. गालाच्या हाडाखालून जाड लोखंडी तार ओवलेली होती आणि तिची टोके पिळून घट्ट केलेली होती. ती तार माझ्या आणि माझ्या सहकाऱ्याशिवाय कोणी पाहिली नव्हती. ती गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नाही असे आम्ही ठरवले.

घर विकणारा माणूस निवृत्त शिक्षक होता. शाळेत भूगोल शिकवायचा, गावात मान होता. घर त्याच्या आईचे, आई आता वृद्धाश्रमात. त्याला ठाण्यावर बोलावले. नीट इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेआधी आला.

"माझे एक मामा डॉक्टर होते," मी प्रश्न पूर्ण करायच्या आत तो म्हणाला. "त्या काळी मेडिकलचे विद्यार्थी अभ्यासाला खरी कवटी घरी ठेवत. त्यांचीच असणार. तळघर मी वर्षानुवर्षं आवरलंच नाही."

मी मामांचे कॉलेज विचारले, ते त्याने सांगितले. कोणत्या वर्षी शिकत होते तेही सांगितले. विचारलेल्यापेक्षा जास्त उत्तर देणारा माणूस बहुधा रात्रभर तयारी करून आलेला असतो, हे मला अनुभवाने माहीत होते. मी त्याला कॉफी दिली आणि प्रश्न विचारायचे थांबवले. शांतता शिक्षकांना सहन होत नाही.

थोड्या वेळाने मी सहज म्हणालो, "तुम्हाला एकदा बघायची आहे का? ओळख पटवायला."

"नको," तो म्हणाला. "ती तार बघितली की मला अजूनही..."

तो तिथेच थांबला.

"कुठली तार?" मी विचारले.

त्याने कप खाली ठेवला. "माझ्या आईला विचारा," शेवटी म्हणाला. "मला लहानपणी सांगितलं तेवढंच माहीत आहे. आणि मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही."

त्याच दुपारी न्यायवैद्यक विभागातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. कवटी शंभर वर्षांहून जुनी, तिशीच्या आसपासच्या पुरुषाची. गोळी डोक्यात मागून शिरलेली. "आणि दात बघा," त्या म्हणाल्या. "खालचे पुढचे दात लहानपणीच काढलेले आहेत, जखम भरून आलेली आहे. वरचे दोन मुद्दाम घासून त्यांच्यामध्ये खाच केली आहे. आफ्रिकेतल्या हेरेरो लोकांची ही जुनी रीत होती. गुरं पाळणारे लोक. हा माणूस इथला नाही."

आफ्रिकेच्या नैऋत्येला एकेकाळी जर्मनीची वसाहत होती, आजचा नामिबिया, एवढे मला शाळेच्या पुस्तकातून माहीत होते. त्या पुस्तकात याबद्दल एक परिच्छेद होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. म्हातारी नव्वदीच्या घरातली, पण कान आणि डोके शाबूत. केस विंचरलेले, गळ्यात मोत्यांची माळ. मुलगा तिच्या खुर्चीशेजारी उभा राहिला; कवटी तिच्या आजोबांनी आणली एवढे त्याने वाटेत सांगितले होते. मी रेकॉर्डर सुरू करून तिला तिचे हक्क समजावून सांगितले. तिने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

"तुमच्या आजोबांची आफ्रिकेत जमीन होती का?"

"जमीन सरकारची होती," तिने माझी चूक दुरुस्त केली. "आजोबांना भाडेपट्ट्याने मिळाली होती. सैन्यातून सुटलेल्यांना सरकार द्यायचं. चराईची जमीन. ते सांगायचे, नजर जाईल तिथवर गवत."

"पट्ट्याला काही अटी होत्या?"

"होत्या ना. घर बांधायचं, कुंपण घालायचं, जनावरं ठेवायची. आणि जमीन मोकळी हवी. मग सरकारचा माणूस पाहणी करून पट्टा पक्का करायचा."

"तिथं आधी कोणी राहत नव्हतं?"

"राहत होते. पाणवठा त्यांचाच होता. त्याचं नावही त्यांनीच ठेवलेलं, आजोबांनी फार्मला तेच नाव दिलं." तिने ते नाव उच्चारले, अवघड होते तरी न अडखळता. "पण लढाई झाली, आणि ते लोक वाळवंटात गेले."

ते गेले नव्हते, त्यांना बंदुकीच्या जोरावर वाळवंटात हाकलले होते आणि बहुतेक तिथेच तहानेने मेले होते. हे मी नंतर वाचले. त्या वेळी मी फक्त "मग?" एवढेच विचारले.

"एकजण परत यायचा. त्याची चार गुरं उरली होती, ती पाण्यावर आणायचा. आजोबा हाकलायचे, तो पुन्हा यायचा. पाहणी जवळ आली होती. मग तो पाण्यावर वाकलेला असताना आजोबांनी त्याला गोळी घातली."

तिच्या आवाजात काही फरक पडला नाही. घराचे छप्पर कधी बदलले हे सांगावे तसे ती सांगत होती.

"आणि तार?"

"पुन्हा कोणी येऊ नये म्हणून फाटकाच्या खांबाला बांधला. काही दिवसांनी मुंग्यांनी साफ केला."

माझ्या सहकाऱ्याने लिहिणे थांबवले. मी विचारले, "पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याने ते पाहिलं?"

ती विचारात पडली. हा प्रश्न तिला कोणी कधी विचारला नसावा. "पाहिलंच असणार," ती म्हणाली. "फाटकातूनच आत आला असेल ना. पट्टा पक्का झाला."

पुढचे तिने न विचारता सांगितले. पहिल्या महायुद्धात वसाहत हातची गेली, आजोबांना बोटीने परत पाठवले. बरेच सामान तिथे राहिले, ही कवटी मात्र त्यांनी बरोबर आणली. "ते म्हणायचे, हा आपला राखणदार. नाताळात आम्ही मुलं त्याला लोकरीची टोपी घालायचो. माझ्या मुलानंही घातली आहे."

मुलगा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

मी नोकरीत खून, आत्महत्या, लहान मुलांची प्रकरणे पाहिली आहेत. तरी त्या दिवशी बाहेर आल्यावर मी गाडीत बसलो आणि गाडी सुरू करायचे विसरलो.

जर्मन कायद्यात खुनाला मुदत नाही. पण आरोपी मेलेला असेल तर खटला कोणावर भरणार? सरकारी वकिलांनी प्रकरण बंद केले. त्यात बेकायदा काही नव्हते. कवटी गावच्या दफनभूमीत निनावी पुरावी अशी सूचना आली.

तळघराचे सील काढायला मी त्या मराठी घरी गेलो. झाले ते थोडक्यात सांगितले. सून तोंडावर हात ठेवून ऐकत होती. इंजिनियर म्हणाला, "काका, म्हणजे हे आमच्याकडच्या गायरानासारखंच झालं. इंग्रजांच्या वेळी आमच्या गावचं कुरण सरकारजमा केलं आणि ठेक्यानं दिलं. आजोबा सांगायचे, आपल्याच गवतात आपली म्हैस शिरली की कोंडवाड्यात. पण माणूस मारून खांबाला बांधायचा..."

त्याची आई पुढे आली. मला वाटले ती आता घराची शांत करायची म्हणेल, किंवा हे घर सोडा म्हणेल. तिने विचारले, "साहेब, त्याच्या घरी कळवलं का?"

"कोणाच्या?"

"अहो, त्या मेलेल्या माणसाच्या. त्याच्या घरी कोणी वाट बघत असेल, त्यांना सांगायला नको?"

मृत्यूची बातमी घरी पोचवणे हे पोलिसांचे काम आहे. आम्ही दोघे जातो, टोपी काढतो, आत येऊ का विचारतो, आणि आडवळण न घेता सांगतो. नोकरीत मी ते किती वेळा केले असेल. या माणसाच्या बाबतीत ते करायचे असते हे माझ्या, वकिलांच्या, डॉक्टरांच्या, कोणाच्याच मनात आले नव्हते.

मी दफन थांबवण्याची विनंती केली आणि नामिबियाच्या दूतावासाकडे पत्रव्यवहार सुरू केला. त्यांनी हेरेरो समाजातल्या एका बाईंशी गाठ घालून दिली. चाळिशीच्या, बॉनच्या विद्यापीठात संशोधन करणाऱ्या. त्या आगगाडीने आल्या. न्यायवैद्यक विभागातल्या एका छोट्या खोलीत मी त्यांच्यासमोर उभा राहिलो, रीतीप्रमाणे, आणि सगळे सांगितले. फाटकाचेही सांगितले. त्या रडल्या नाहीत.

"कुठल्या पाण्यावर?" त्यांनी विचारले.

मी म्हातारीने सांगितलेले नाव उच्चारले, बहुधा चुकीचे. त्यांनी ते दुरुस्त केले. तिथूनच त्यांनी गावाकडच्या एका वयस्क नातेवाइकाला फोन लावला. त्यांची भाषा मला कळत नव्हती, पण पलीकडचा माणूस मध्येच बोलायचा थांबला हे कळले.

"त्या पाण्याच्या लोकांत एक गोष्ट अजून सांगतात," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "लढाईनंतर एक भाऊ गुरांना पाणी दाखवायला गेला आणि आला नाही. बहीण मरेपर्यंत म्हणायची, तो दुसऱ्या पाण्यावर गेला असेल. तोच हा, असं शपथेवर सांगता येणार नाही. पण आज त्यांना निरोप मिळाला."

कवटी त्यांच्या ताब्यात द्यायच्या दिवशी निवृत्त शिक्षकही आला. मी बोलावले नव्हते. दारातच उभा राहून म्हणाला, "काय बोलावं मला समजत नाही."

"तुम्हाला माहीत होतं," त्या बाई शांतपणे म्हणाल्या. "माहीत होतं आणि बोलला नाहीत. मी त्या न बोलण्याबद्दल विचारते आहे."

मान खाली घालून तो गेला. त्याची आई त्याच हिवाळ्यात वारली.

आता निवृत्त झाल्यावर मी या प्रकरणाचा विचार करतो तेव्हा मला तो गोळी घालणारा माणूस तितकासा आठवत नाही. तसले मी बरेच पाहिले. आठवतो तो पाहणीला आलेला अधिकारी. गुन्हेगार नेहमी सरकारपासून काहीतरी लपवतो, या समजुतीवर माझी सगळी नोकरी झाली. इथे कोणी काही लपवले नव्हते. सरकारचा माणूस भर उजेडात त्या फाटकातून आत गेला, गवत पाहिले, जनावरे पाहिली, जमीन मोकळी आहे असा शेरा दिला आणि बहुधा तिथेच जेवून परत गेला. तो क्रूर असेल असेही नाही. त्याला जे तपासायला सांगितले होते ते त्याने नीट तपासले. मीही आयुष्यभर सरकारी माणूसच होतो. म्हणून नव्या पोरांना शिकवायला बोलावतात तेव्हा मी त्यांना आधी एवढेच सांगतो, की जे तपासायला पाठवले आहे ते बघाच, पण ज्या दारातून आत जाता ते दारही बघा.

बॉनच्या बाईंनी पुढे मला तिकडचा एक फोटो पाठवला. ते कुरण आजही खाजगी फार्म आहे, मालक दुसरा, कुंपण नवे. पाणवठ्याजवळ पुरू द्या म्हणून लोकांनी मालकाला विचारले होते. तो नाही म्हणाला नाही, त्याने उत्तरच दिले नाही. लोक ठरल्या दिवशी जमले, थोडा वेळ फाटकापाशी थांबले, आणि त्यांनी आपल्या माणसाला रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या बाहेर पुरले. फोटोत दगडांची ती रास दिसते, आणि तिच्यामागे तारांपलीकडे पाणी.