पोरगी दादाजवळ ठेवताना

पोरीला दादाकडे ठेवायचं की नाही, हे ठरवायला मी तिला घेऊन पुण्याहून गावी आलो होतो. बायकोनं तर ठरवूनच पाठवलं होतं. आम्ही दोघं कारखान्याच्या मेसमध्ये कामाला. शाळा सुटली की पोरगी भाड्याच्या खोलीत आतून कडी लावून एकटी बसते. इकडे सानगडीजवळ आमचं घर आहे, शाळा आहे, वहिनी आहे. आणि दादा आहे. मला धास्ती होती ती त्याचीच.

बाप गेल्यावर मला वाढवलं दादानंच. थंडीत तलावाच्या पाण्यात उभं राहून, मासे धरून त्यानं माझं पोट भरलं, हे उपकार मी विसरणार नाही. पण त्याचा राग! भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट अंगणात. तो तलावाच्या पाळीवरून येताना दिसला की मी धान साठवायच्या ढोलीमागे लपायचो. सातवीतून शाळा सोडून लांब निघून गेलो ते पोटासाठी, असं सगळ्यांना सांगतो. थोडं त्या आवाजापासूनही पळालो होतो.

फोनवर सगळे म्हणायचे, दादा आता पार बदलला. आल्या आल्या मी वहिनीला विचारलं.

"बदलले गिदलले काही नाही भाऊजी," चुलीत लाकूड सरकवत ती म्हणाली. "गुडघे दुखते आता. ताट फेकाले उठाचाबी तरास होते."

ती हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तलावात मोठं जाळं ओढलं. आमच्यात मासळीचे घरटी वाटे घालतात. एक माणूस वाट्यांकडे पाठ करून उभा राहतो. दुसरा एकेका वाट्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा माणूस कुठल्यातरी घराचं नाव घेतो. वाटे पडले की मग कोणी हात लावायचा नाही; लावला तर सगळे मोडून पुन्हा घालायचे. मासा उसळून दुसऱ्या वाट्यात गेला, तर गेला. पाठ करून उभा होता दादा. पूर्वी वाट्यावरून पहिलं भांडण त्याचंच असायचं.

"म्हनून तं त्याले उभा करतो," शेजारचा म्हातारा मला म्हणाला. "त्याच्यासमोर लबाडी कोन करनार?"

तेवढ्यात एक मरळ उसळून बाजूच्या वाट्यात पडली. मी वाकलो आणि उचलून पहिल्या जागी ठेवली. मेसमध्ये दिवसभर सांडलेलं उचलायचीच सवय.

"हात लावला बे यानं!" कोणीतरी ओरडलं.

दादा वळला. मानेची शीर तीच, डोळे तेच.

"काहून हात लावला बे? शहरात जाऊन रीत गिळली का? मोडा सगळे वाटे!"

चाळिशीला आलेला मी एक पाऊल मागे सरलो. पोरीला मागे ओढायला हात केला, तर ती पुढे गेली होती.

"मोठे बाबा, हळू बोला ना. बाबांना ऐकू येतं."

दादाला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. दादा तिच्याकडे बघत राहिला.

"तुया बाबाले ऐकू येते," तो म्हणाला, "समजत नाही."

"मग समजावून सांगा."

"घे बापा! भेटली तुले!" म्हातारा हसता हसता खोकायला लागला.

दादा हसला नाही. पण पुन्हा वाटे घालताना तिला जवळ उभं करून त्यानं सगळी रीत सांगितली. तीही ओरडूनच. ती मधेच थांबवून काहीबाही विचारायची, आणि तो थांबायचा.

मी दादा बदलायची वाट बघत होतो. तो होता तसाच होता, आणि मीही. पोरीला मात्र मी आजवर माझ्याच भीतीनं मोजत आलो होतो. तिचा स्वभाव वेगळाच होता, आणि तो कुठून आला हे मला ठाऊक नाही.

संध्याकाळी दादा स्वतःच म्हणाला, "ठेव इथं. ओरडीन मी, आताच सांगतो. हात नाही उचलनार."

पोरगी म्हणाली, "राहते मी."

दादाच्या शब्दावर मी विश्वास ठेवला. पुरता बसला असं नाही. सकाळी लाखनीला ट्रकांच्या गर्दीतून बस निघाली आणि मी वहिनीला फोन लावला.

"आता तं गेले तुमी," ती म्हणाली. "जेवून राहिली पोरगी. तुमी खाल्लं का काही?"

मी हो म्हणालो. नागपूर यायच्या आधी पुन्हा लावला.